गोठतो तर गोठतो

छपाईच्या दुकानातल्या रांगेत शिंपीणबाईंच्या पुढे दोघांची जुंपली होती: मध विकणारे भाऊजी आणि त्यांच्या लेबलांचं फ्रेंचमधून इंग्रजी करणारी मेहुणी.

“हे वाक्य उडव. ‘थंडीत हा मध गोठतो.’ असं कुणी लेबलवर लिहितं?”

“मधमाश्या पाळणाऱ्यानं लिहिलंय, भाऊजी. पुढे म्हणतो, ‘गोठला नाही, तर तो माझा नव्हे.’”

“फ्रेंच कुणाला कळतंय? तू लिही, ‘सदैव पातळ, सदैव शुद्ध.’”

“नाही लिहिणार.”

“अगं, लोक म्हणतील साखर घातलीय!”

“आणि पातळ म्हणून विकलेला गोठला, की काय तुमची आरती ओवाळतील?”

“शहाणपणा पुरे. दुसरं कुणीही करून देईल.”

“खुशाल घ्या करून. पण ताई रोज बरणीतला गोठलेला मध खरवडून खाते, त्यात साखर आहे का, ते आधी तिला सांगा.”

“ते घरचं आहे गं.”

“मग लोकांना काय दुसरं देताय?”

“पुढचे!” छपाईवाला ओरडला. “लेबल फायनल ना?”

“फायनल,” मेहुणी म्हणाली.

भाऊजी तोंड उघडणार, तोच मागून शिंपीणबाई कडाडल्या, “छापू द्या हो! परवाच मी भेसळ समजून अख्खी बरणी फेकलीय.”