रुपेशची छाती

पोलीस भरतीचं काय विचारता, आमच्या रुपेशचं ऐका! हा माझा घिवलीचा मावसभाऊ. घरची होडी आहे, पण याला लहानपणापासून खाकीच हवी. वयात बसायची ही शेवटची भरती. उंचीची काळजी नव्हती, धाकधूक होती ती छातीची. साधी एकोणऐंशी सेंटिमीटर भरायला हवी आणि फुगवल्यावर आणखी पाच वाढायला हवी.

पालघरच्या मैदानात आम्ही दोघं रांगेत मागेपुढे उभे. नंबर जवळ आला तसा हा एकदम गप्प झाला. हवालदारांनी टेप लावली.

"हं, भरली. आता फुगव."

टेप जागची हलेना. रुपेशचा चेहरा मात्र लाल होत चालला.

"अरे, आधीच फुगवून आलास काय?"

याने नुसती मान हलवली. तोंड उघडलं तर हवा जाईल ना!

हवालदार त्याच्या कानाशी वाकले. "बाळा, भरती झाल्यावर छाती फुगवायला जन्म पडलाय. आत्ता सोड."

रुपेशला असं हसू फुटलं की सगळी हवा निघून गेली. मग पुन्हा मोजली, तर साधीही भरली आणि फुगवलेलीही. उगाच घाबरला होता बिचारा.

कुंपणाबाहेर मावशी उभी होती, बोईसरच्या बाजारातला मासळीचा धंदा सोडून आलेली. हा तिथूनच ओरडला, "आये, मोजमापात पास झालो! आता धावायचं हाय."

"मंग उभा काय रायलास?" मावशी म्हणाली. "धाव!"