अकरा नमस्कार

(घाटकोपर, १९८६ चा जून. बाहेरच्या खोलीत भिंतीवर माणसाएवढी जपानी पतंग. नीलाच्या हातात जपानहून आलेलं भावाचं, चंदूचं, पत्र.)

नीला : पुन्हा वाचते, नीट ऐका. ‘ताई, तुम्ही इथे आलात तेव्हा जत्रेत भावोजींनी पकडलेली पतंग अजून शाबूत आहे का?’

जयवंत : म्हणजे काय! बुरुडाकडून नव्या कामट्या बसवून घेतल्यात. रविवारी अख्खी बिल्डिंग बघायला येतेय. लिही तुझ्या भावाला, झकास आहे म्हणून.

नीला : पुढे ऐका. ‘इथे घरात मूल जन्मलं, की त्याच्या नावाची पतंग या जत्रेत उडवतात. त्याला मोठं आयुष्य मिळावं म्हणून.’

जयवंत : छान पद्धत आहे.

नीला : अहो, छान काय! ही पतंग तशीच कुणाच्या तरी बाळाची आहे.

जयवंत : होती. दोरी तुटली, माझ्या हातात आली. कटलेली पतंग पकडेल त्याची.

नीला : हा कायदा घाटकोपरचा. जपानात चालत नाही.

जयवंत : मग तो म्हातारा नमस्कार कसले करत होता? मी पतंग घेऊन निघालो तर मागे मागे आला, कमरेत वाकून. मीही वाकलो. तो परत वाकला, मी परत वाकलो. अकरा वेळा! आपली नंदू मोजत होती.

नीला : नमस्कार नव्हते ते. ‘नातवाची पतंग द्या’ म्हणून विनवत होता बिचारा.

जयवंत : मग तोंडाने सांगायचं ना!

नीला : सांगत होता की. जपानीत. आणि तुम्ही आपले ‘थँक्यू, थँक्यू’! चंदू नेमका आपल्यासाठी खायला आणायला गेलेला. त्याला आत्ता कळलं. आणि तो म्हातारा कोण, माहितीये? चंदूच्या साहेबांचे वडील.

जयवंत : वाट लागली.

नीला : उतरवा ती. उद्याच पार्सल करू.

जयवंत : शेजारच्या भाऊरावांना मी सांगितलंय, त्यावर ‘विजेता’ लिहिलंय.

नीला : ‘केंजी’ लिहिलंय. बाळाचं नाव.

जयवंत : रविवार होऊ दे. मग पाठवू.

नीला : माझ्या भावाला रोज त्या साहेबांना तोंड दाखवायचंय!

जयवंत : नीला, बेचाळीस वर्षांचा झालो मी. लहानपणी दर संक्रांतीला कटलेल्या पतंगीमागे पळालो, एकदाही हाताला लागली नाही. आमचा अनंतदादा उंच, तो वरच्या वर घ्यायचा. माझ्या वाट्याला फाटका कागद. ही आयुष्यातली पहिली गं.

नीला : बघितलं ना मी. चप्पल सुटली तरी थांबला नाहीत. लग्नातसुद्धा एवढे खूश दिसला नव्हतात.

जयवंत : लग्नात पळायला कुठे मिळालं!

नीला : पुरे. शेवटचं ऐका. ‘आजोबा म्हणतात, पाहुणे इतके आनंदात होते, की हिसकावून घेणं जिवावर आलं. ठेवायची असेल तर ठेवू द्या. फक्त त्या नावावर कुणाचा पाय पडू देऊ नका.’

जयवंत : स्टूल कुठे आहे?

नीला : आता स्टूल कशाला?

जयवंत : पतंग उतरवतो. स्टूल धर. आणि हळू, कागद फाटेल.

नीला : रविवारी बिल्डिंगला काय सांगणार?

जयवंत : चहा पाजू आणि सांगू, ज्याची होती त्याला दिली. तू पत्र लिहायला घे. लिही, केंजीची पतंग पाठवतोय.

नीला : लिहिलं. अजून काही?

जयवंत : त्या आजोबांना सांग म्हणावं, जमिनीला लागू दिली नव्हती. वरच्या वर पकडली होती.