रात्र कोणाची?

(दवाखान्याच्या बोळातला बाक. दोघी बहिणी आपला नंबर यायची वाट बघत बसल्या आहेत.)

धाकटी : ताई, अजून वेळ गेलेली नाही. खरं काय ते सांगून टाक.

ताई : हळू बोल! सगळा दवाखाना गोळा करशील.

धाकटी : हृदयाचे ठोके नोंदवायचं मशीन दिवसभर तुझ्या छातीला आणि झोपताना माझ्या. अशी तपासणी कोणी करतं का गं?

ताई : दिवसा मी बरी असते. रात्रीच सगळा घोळ होतो. पाळी गेल्यापासून दचकून जाग येते, अंग घामाने भिजलेलं आणि छातीत नुसती धडधड. ते कागदावर आलं की मला क्रेनवरून खाली उतरवलंच म्हणून समज. सगळं आयुष्य त्या केबिनमध्ये गेलं माझं. आता काय गोदाम झाडू?

धाकटी : परवा रात्रपाळीला धडधड होऊन तू मध्येच थांबलीस, तेव्हा कंटेनर हवेत लटकत होता.

ताई : तुला कोणी सांगितलं?

धाकटी : ह्यांनी. खाली तेच उभे होते.

ताई : ...मग मशीन लावून घ्यायला तयार कशाला झालीस?

धाकटी : तू रडलीस म्हणून. तुला रडताना कधी बघितलंय का मी?

डॉक्टर : क्रेनवाल्या बाई, या आत. बहिणीलाही आणा. बसा. रिपोर्ट बघितला. दिवसा ठोके जरा चढे आहेत, अधूनमधून एखादा चुकतोय. रात्र मात्र छान.

ताई : मग क्रेन चालवायच्या दाखल्यावर सही करताय ना?

डॉक्टर : करते. खरं सांगू? मला रात्रीचीच धास्ती होती. पाळी थांबली की काहीजणींच्या हृदयाचा लगाम थोडा ढिला पडतो. झोपेत ठोके उतरायला हवेत, ते नीट उतरत नाहीत. कधी लयही बिघडते. तुमचं नवलच आहे बाई, रात्री अगदी पंचविशीतली मुलगी!

धाकटी : पस्तिशीतली.

डॉक्टर : काय म्हणालात?

ताई : काही नाही हो. हिला मध्येमध्ये बोलायची खोडच आहे. तुम्ही करा सही.

धाकटी : ताई, आज ह्यांची ड्यूटी तुझ्याच क्रेनखाली आहे.

ताई : माहीत आहे मला!

धाकटी : मग झालं तर. मी नाही बोलत काही.

ताई : ...डॉक्टर, थांबा. पेन ठेवा खाली.

डॉक्टर : का हो?

ताई : ती रात्र माझी नाही. हिची आहे. झोपताना वायरी मी हिला लावल्या.

डॉक्टर : अहो, काय बोलताय तुम्ही! मी सही केली असती तर?

ताई : म्हणूनच सांगितलं.

डॉक्टर : कान उपटायला हवेत दोघींचे. आज पुन्हा लावायचं मशीन, दिवसरात्र तुम्हालाच. तोवर क्रेनवर चढायचं नाही.

ताई : आणि कायमचंच उतरवलं तर?

डॉक्टर : तसंही होऊ शकतं. खोटा धीर नाही देणार. पण उपाय असतात. आधी रात्र बघू तर द्या मला.

धाकटी : चल ताई. ऊठ.

ताई : आज झोपायला येशील माझ्याकडे?

धाकटी : आता मी नाही हं मशीन लावून घेणार!

ताई : मशीन नको गं. नुसती शेजारी झोप. रात्री छाती धडधडायला लागली की फार भीती वाटते मला.