नव्या कप्प्यात काय टाकायचं

वहिनी, काकू, मस्तगडची मंडळी, रक्तपेढीतले माझे सोबती. मला बोलता येत न्हाई, आणि आज तर जीव थाऱ्यावरच न्हाई. तरी मिलिंददादांच्या शोकसभेत उभी राह्यले, कारण त्यांचं अर्धं राह्यलेलं काम माझ्या गळ्यात आहे. मला त्याची भीती वाटून राह्यली.

पेढीचा कॉम्प्युटरचा प्रोग्राम दादांनी लिस्प नावाच्या भाषेत लिहिला. रक्ताच्या पिशवीच्या नोंदीचा साचा त्यांनी स्वतः ठरवला. गट कोणता, तपासणीत काय निघालं, असे कप्पे. गटाचा कप्पा एकदा भरला की कुणालाच बदलता येत न्हाई. तपासणीचा रिकामा असला की मशीन पिशवी सोडत न्हाई. बिलकुल न्हाई. आम्ही चिडायचो. दादा म्हणायचे, "माझ्यावर चिडा, पेशंटला वाचू द्या."

मंग काविळीची नवी तपासणी सक्तीची झाली. साच्यात नवा कप्पा जोडायचा होता. पण फ्रीजमधल्या जुन्या पिशव्यांच्या त्या कप्प्यात आपोआप काय पडावं? अध्यक्षसाहेब इथंच बसलेत. ते म्हणले, "निर्दोष टाका, काम चालू राहू द्या." दादा म्हणले, "साहेब, तपासलंच न्हाई, तर निर्दोष कसं म्हणू?" मी म्हणले, मंग रिकामा ठेवा. तर दादा म्हणले, "रेखा, सगळा फ्रीज अडकून बसंल. उद्या ठरवू."

दुसऱ्या दिवशी खुर्चीत बसल्या बसल्या दादा गेले.

आता कुणी ठरवायचं? मी? कप्पा कसा जोडायचा ते त्यांनी शिकवलं. आत काय टाकायचं ते ठरवताना ते स्वतःच घाबरले होते.

आज सकाळी मी जोडला. रिकामा ठेवला. साहेब, मला काढायचं तर उद्या काढा. या घडीला फ्रीज भरलेला आहे आणि एकही पिशवी सुटत न्हाई. तीर्थपुरीची एक बाळंतीण दवाखान्यात आहे, रक्त जाऊन राह्यलं तिचं. तिचा भाऊ माझ्या मागं इथवर आला, तो बघा, दारात उभा आहे. "ताई, रक्त आहे ना? मंग द्या की जल्दी." काय सांगू त्याला? तिच्या गटाच्या पिशव्यांचे नमुने तपासणीला लावून आले. त्यात दोष निघाला तर? निकालाला उशीर झाला तर? दादा असते तर त्यांना विचारलं असतं.

वहिनी, रागावू नका. दादांसाठी सगळे उभे राहू, पण थोडाच वेळ. निकाल आले असतील, मला जायचंय.