मुळाशी पुरलेलं

माती तपासणीच्या खिडकीपुढे शाळेचा माळी रांगेत उभा होता. पुढच्या नवराबायकोचं बोलणं त्याच्या कानावर पडत होतं.

"अहो, पिशवी एवढी आवळू नका. पानांचा चुरा होईल."

"बरं."

"माझंच चुकलं. बाबांनी हौसेनं लावलेलं झाड, आणि मी त्याला धुण्याचं पाणी घालत बसले."

"किती मनाला लावून घेशील?"

"गंजके खिळेसुद्धा पुरून झाले. तरी पिवळं ते पिवळंच."

त्यांचा नंबर लागला. खिडकीतल्या मॅडमनी पान उजेडात धरलं.

"शिरा हिरव्या, बाकी पान पिवळं. झाडाला लोह मिळत नाहीये."

"मग आणखी खिळे पुरू?"

"नको. लोह मातीत असतंच. चुना वाढला की झाडाला ते घेता येत नाही. जवळ बांधकाम झालं होतं का?"

"तीन वर्षांपूर्वी कंपाउंडची भिंत पाडली, तेवढंच. पण तो राडारोडा ह्यांनी गाडीनं बाहेर पाठवला."

"नव्हता पाठवला."

"काय?"

"गाडी आलीच नाही गं. गवंड्याला म्हटलं, झाडाजवळच खड्डा घे आणि पूर."

माळी उगाच आपल्या पिशवीची गाठ सोडायला लागला.

"मॅडम, वाचेल ना झाड?" नवऱ्यानं विचारलं.

"आधी राडारोडा काढा, चुना त्यातूनच उतरतोय. झाडाला घेता येईल असं लोह मी लिहून देते. नवी पानं हिरवी येतील. ही मात्र अशीच गळतील."

"तीन वर्षं रोज सकाळी मी त्या झाडाची माफी मागतेय," बायको म्हणाली. "तुम्ही तिथंच चहा पीत बसलेले असता."