अठरा आटे, एकोणीस आटे

“हॅलो?… कोण, बेबी का? बरं झालं तूच फोन केलास. आता एक वाक्य बोलतो, ते नीट ऐक आणि घरात सगळ्यांना ऐकव. ह्यापुढे ह्या जन्मात मी तुझ्या कॉफीच्या मशीनला हात लावणार नाही. संपलं.… हो, विचार करून बोलतोय.… हो, शेवटचं.… कुठून गळतंय?”

हे शेवटचे दोन शब्द मामांना न विचारताच त्यांच्या तोंडातून बाहेर पडले. मामा म्हणजे पाणीपुरवठा खात्यातून निवृत्त झालेले फिटर. भाची एकच, पण मामा सगळ्या गल्लीचे. बेबी ही त्यांची धाकटी बहीण, भाचीची आई. वय अठ्ठावन्न, तरी बेबीच. गावाच्या दुसऱ्या टोकाला तिचं कॉफीचं दुकान आहे आणि त्या दुकानातलं दोन तोट्यांचं एस्प्रेसो मशीन गेली सोळा वर्षं मामाच दुरुस्त करत होते. म्हणजे गेल्या हिवाळ्यापर्यंत. हिवाळ्यात भाचीचं लग्न झालं, आणि मुलगा निघाला पाइप आणि बॉयलरमधला इंजिनिअर. मुलगा बघायला गेले होते तेव्हा मामांनी त्याचा पगार विचारला, दात बघितले, आजोबा कशानं गेले तेही विचारलं. काम काय करतो एवढं विचारायचं राहून गेलं.

“मागून? म्हणजे पाण्याची नळी आत शिरते तिथून.… थेंब थेंब की धार?… खाली पातेलं ठेवलंय. वा. माझ्या सोळा वर्षांत त्या मशीनखाली कधी पातेलं ठेवायची वेळ आली नाही.… ती बादली होती, बेबी. बादली वेगळी.”

“मग जावयाला विचारायचंस. घरात इंजिनिअर असताना पेन्शनीतल्या फिटरला कशाला उठवतेस?… विचारलंस.… सकाळपासून मशीनमागे आडवा पडलाय? अरेरे.… नाही, हसत नाही, खोकला आला. काय म्हणतो तो?… ‘म्हणतात’? बरं, काय म्हणतात? मला कुणी कधी ‘म्हणतात’ म्हटलं नाही. तूही नाही.… हो, हो… अगं, सांग तरी.”

समोर मामी मटार सोलत बसल्या होत्या. त्यांनी मान वर केली नाही, पण सोलायचा वेग कमी केला. ऐकायचं असलं की त्या तसं करतात.

“हत्यारांची पेटी आणलीय? मग आणणारच.… बारा खणांची. आणि प्रत्येक खणावर चिठ्ठी. बेबी, ज्याला आपला पाना कुठं आहे ते चिठ्ठी वाचून कळतं, त्यानं वाचनालयात नोकरी करावी.… माझी पिशवी होती, हो. एका पिशवीत सगळं होतं. चष्म्यासकट.… तळाशी लाडू नव्हता, तो ग्रीसचा गोळा होता.”

“काम झालं की मशीन पुसतो? दोन फडक्यांनी? एक ओलं, एक कोरडं.… नाही, चांगलंच आहे. मुलीचं नशीब.”

‘मुलीचं नशीब’ म्हणताना मामांचा आवाज असा झाला, की ऐकणाऱ्याला वाटावं, मुलीवर काही संकट कोसळलंय. मग ते काही वेळ नुसते हं, हं करत राहिले. फोनची वायर त्यांनी बोटाला इतकी गुंडाळली, की बोटाचं टोक पांढरं पडलं.

“टॉर्च कोण धरतंय?”

हा प्रश्न त्यांनी अगदी सहज विचारला. चहा झाला का, विचारावं तसा. आणि उत्तर काय येणार हे त्यांना माहीत होतं. भाची आठ वर्षांची असल्यापासून त्या मशीनमागे टॉर्च तीच धरायची. मामा ‘डावीकडे’ म्हणायच्या आत उजेड डावीकडे यायचा. हात दुखला तर हात बदलायची, पण उजेड हलू द्यायची नाही. खात्यात एवढी माणसं हाताखालून गेली, पण तसा टॉर्च कुणी धरला नाही.

“हं.… हो, तीच धरणार म्हणा. आता तिचा नवरा आहे.… काही नाही झालं. मला काय व्हायचंय? बोल.”

“काय आणलंय त्यानं नवीन? निपल. म्हणजे दोन्ही तोंडांना आटे असलेला पितळेचा तुकडा, बोटाच्या दोन पेरांएवढा. तोच ना?… केवढं? तीन सूत.… नाही गं, तीन सूत म्हणजे मोजून तीन सूत नसतं. अगं ऐक ना.… ऐक तरी. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. पण त्या तीन सुती निपलला पट्टी लावलीस, तर ते पाच सुतांच्याही वर भरतं.… फसवणूक नाही. जुन्या काळी जाड पाइपाच्या आतल्या भोकावरून ठेवलेलं नाव आहे. पाइप बदलले, नाव राहिलं. तू नाही का अजून बेबी?”

पलीकडून ह्यावर बरंच काही आलं असावं. मामांनी फोन कानापासून वीतभर लांब धरला आणि मामींकडे पाहिलं. मामींनी एक टपोरा दाणा तोंडात टाकला.

“झालं बोलून? आता आटे. बाटलीच्या झाकणाला असतात ना आतून, तसलेच. पण त्यांच्यात दोन जाती. एक सरळ. ते आत जातात आणि शेवटी वॉशरवर टेकतात, वॉशर पाणी अडवतो. दुसरे निमुळते. ते जसे आत जातील तसे आवळत जातात, त्यांना टेप गुंडाळायची, म्हणजे पाणी आट्यांतच अडतं. शिवाय एकाचे इंचात एकोणीस आटे, दुसऱ्याचे अठरा. डोळ्यांनी दिसायला सख्खे भाऊ. पण एकमेकांत घातले तर दोन वेढे गोडीगुलाबीनं जातात आणि मग अडतात. माणसाला वाटतं, बसलं घट्ट. तो लावतो पाना, आणि पितळ नरम, बिचारं मरतं.… तुझ्या मशीनचे? मूळचे सरळ. एकोणीस.… तेच आणलंय त्यानं? सरळ, एकोणीस?”

मामांनी बोटावरची वायर सोडवली.

“नाही, चुकलेला नाही. पुस्तकाप्रमाणे बरोबर आहे.… आणि जात नाही? दोन वेढे जातं आणि अडतं.… पाना लावला का त्यानं? बेबी, हे नीट बघून सांग, पाना लावला का?… हातानंच. दोन वेढ्यांवर थांबला.… हं.”

एवढ्या वर्षांत मामांनी दोन वेढ्यांवर थांबलेली माणसं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच पाहिली होती. बाकीचे सगळे पुढे जातात. एकदा तर ते स्वतः…

“काय म्हणालीस? साडेपाचला समोरच्या हॉलमधली सभा सुटते, साठ माणसं येणार.… हो, माहीत आहे. ते सगळे तुझ्याकडेच येतात.… तो काय विचारतो? जोर लावू का?”

गेल्या हिवाळ्यापासून मामा ज्या क्षणाची वाट बघत होते, तो हाच. एक शब्द पुरला असता. ‘लाव’ म्हटलं की जावयानं बारापैकी एका खणातून पाना काढला असता, चिठ्ठी वाचून, आणि मशीनच्या पितळी ठोकळ्यातले आटे भुशासारखे बाहेर आले असते. साठ माणसं, पातेलं, आणि मधोमध दोन फडकी घेऊन उभा इंजिनिअर. मग पंधरवड्यानं कुणीतरी म्हणालं असतं, मामा होते तेव्हा असं होत नव्हतं. आणि मामांनी मान हलवली असती, फार नाही, थोडीशी.

“त्याला म्हणावं, लाव…”

पलीकडून काहीतरी ऐकू आलं. बेबीचा आवाज नव्हता. तिच्या मागून, मशीनच्या पाठीमागून कुणीतरी म्हणालं होतं, उजेड नीट येतोय ना? भाचीचा आवाज. आठ वर्षांची असताना विचारायची, अगदी तसाच.

“नाही, नाही. काही लावू नको म्हणावं. बेबी, त्याला सांग, पाना खाली ठेव. आधी सांग, मग माझ्याशी बोल.… ठेवला? आणि जुनं निपल? तडा गेलाय. फेकलं नाही ना?… बरं. आता तू जरा बस.… स्टूल घे. नाही, कुणी आजारी नाही. बस तरी.”

मामांनी स्वतःही खुर्ची ओढली. मामींचे हात आता पूर्ण थांबले होते.

“तुला आठवतं, अकरा वर्षांपूर्वी मशीन मी घरी आणलं होतं? तीन दिवस. तुला सांगितलं होतं, परदेशातून पार्ट येतोय.… पार्टबिर्ट काही येत नव्हता. मी स्वयंपाकघरात त्याच्यासमोर बसून होतो. तुझ्या वहिनीला विचार, तीन दिवस आम्ही ओट्याच्या कडेवर जेवलो.… काय झालं होतं म्हणजे, ते आटे मीच मारले होते. घाईत पिशवीतून खात्यातल्या एका पंपाचं निपल निघालं. निमुळतं, अठराचं. दोन वेढे गेलं आणि अडलं. मला वाटलं, बसलं. लावला पाना. लांब दांड्याचा.… हो, मीच. नव्या फिटरांना शिकवणारा मीच.”

“सांगणार कसं? तू तेव्हा सगळ्या गिऱ्हाइकांना सांगत होतीस, माझा भाऊ आंधळेपणानं फिटिंग ओळखतो.… डोळे मिटून, तेच.… मग काय, मेलेले आटे काढले आणि त्या भोकात नवे पाडले. निमुळते, अठराचे. आणि लेथवाल्याकडून दोन जातींच्या आट्यांचं निपल करवून घेतलं. एका तोंडाला अठरा निमुळते, ते मशीनमध्ये. दुसऱ्याला एकोणीस सरळ, ते तुझ्या नळीला. जगात कुठल्या दुकानात मिळणार नाही. दोनच करवले होते. एक आज तडकलं.”

“दुरुस्त करून टाकायला हवं होतं, हो. ठोकळाच बदलायचा होता. पण अगं… ऐक ना. मधे ते शोरूमचे मेकॅनिक आले होते, आठवतंय? निळ्या कपड्यांतले दोघे. पेटीभर फिटिंग लावून बघितली, एक बसेना. शेवटी म्हणाले, हे मशीन ज्याचं आहे त्यालाच बोलवा. त्या दिवशी घरी येऊन मी दोनदा जेवलो. मग वाटलं, राहू दे. त्या भोकाला माझ्याशिवाय कुणाची चावी नाही, तर राहू दे तसंच.… हो. वेडेपणा. मान्य.… तू हसतेयस की रडतेयस?”

मामींनी मटारचं ताट बाजूला ठेवलं आणि त्या आत गेल्या.

“आता त्याला सांग. सगळं सांग. मामानं चोरून आटे बदलले, म्हणून तुझं निपल जात नाही, तुझी काही चूक नाही. आणि काय म्हणतो ते मला… काय म्हणतात ते मला सांग.”

बेबी सांगून परत येईपर्यंत मामा फोन कानाला लावून बसले. खिडकीखाली त्यांची स्कूटर उभी होती, जरा डावीकडे झुकून. तिच्याकडे बघावंसं त्यांना वाटलं नाही.

“हं, बोल.… काय? त्याला माहीत होतं?… कधीपासून?… सकाळी? जुन्या निपलला आटे मोजायची पट्टी लावली, तेव्हाच. एका तोंडाला अठरा, एकाला एकोणीस. हो, दिसणारच.… मग दिवसभर तिथं झोपून काय करत होता?… माझ्या फोनची वाट बघत? पण मी कशाला… अच्छा. तू करावास म्हणून. ‘हे मशीन फक्त मामांना कळतं, त्यांनाच विचारा’ असं म्हणाला? आणि हे अठरा-एकोणीसचं तुला बोलला नाही.… तिलाही नाही? बायकोलाही नाही?… आणि ‘जोर लावू का’ ते?… मी काय म्हणतो ते बघायला.”

मामांनी चष्मा काढला, धोतराच्या टोकानं पुसला आणि परत घातला.

“हे काही बरं केलं नाही त्यानं, बेबी. गेले पाच महिने मी ह्या माणसावर मन लावून जळतोय. सकाळी उठलो की आधी त्याच्यावर जळायचं, मग चहा. आता मी काय करायचं दिवसभर?… नाही, गंमत करत नाही. एखाद्यानं हरवलं तर सोसता येतं. झाकून घेतलं तर माणूस जातो कुठं?”

मामी बाहेर आल्या. त्यांच्या हातात खोकल्याच्या गोळ्यांचा जुना पत्र्याचा डबा होता. तो त्यांनी फोनशेजारी ठेवला, झाकण उघडलं आणि पुन्हा मटार घेऊन बसल्या. डब्यात फडक्यात गुंडाळलेलं पितळेचं एक निपल होतं. अकरा वर्षं मामांची अशी समजूत होती, की हा डबा कुठं आहे ते घरात कुणालाच ठाऊक नाही.

“बेबी… दुसरं निपल सापडलं. मिळालं म्हणजे, माझ्याकडेच होतं.… साडेपाचच्या आत? पंधरा मिनिटांचं काम आहे. दहा वेढे टेप, हातानं पाच वेढे, मग पाना, हलक्या हातानं. तो करेल, त्याला जमेल.… मी? मी कशाला?… तो काय म्हणतो?… पुन्हा सांग.”

“तो टॉर्च धरतो म्हणतो?”

मामा उभे राहिले. धोतरावरच जावं की पँट चढवावी, असा एक विचार त्यांच्या चेहऱ्यावरून गेला. नेसूचं धोतर त्यांनी दोन बोटांत धरलं होतं.

“नाही. टॉर्च तिलाच धरू दे, तिच्या हाताला सवय आहे. त्याला म्हणावं, तू माझ्या उजव्या बाजूला बस आणि मागेन ते हत्यार दे. चिठ्ठ्या आहेतच.… हो, निघतो. आत्ता निघतो. आणि त्या जन्माबिन्माचं मी जे म्हणालो, ते सगळ्यांना ऐकवलंस का?… नाही ना? शहाणी आहेस.… अगं, ठेवू नको, ठेवू नको. एक राहिलं.… स्कूटर पंक्चर आहे. कालपासून. त्याची गाडी बाहेरच उभी आहे ना? मग जरा त्यालाच पाठव मला न्यायला.… आणि गल्लीत हॉर्न वाजवू नको म्हणावं. मी खिडकीतच उभा आहे.”