माशाचं खारं पाणी
तुमी हसान, पण मले अजूनही समजलं नाही. समुद्राचे मासे पाळाचे म्हणून जुनी काचटाकी स्वस्तात घेतली. पाण्याचं टेन्शन नव्हतं. आपलं गाव खारपाणपट्ट्यातलं, बोरचं पाणी आयतंच खारं.
अकोल्याचा मासेवाला म्हणे, "ते नाही चालत, भाऊ. जारचं गोडं पाणी घ्या, अन् त्यात हे समुद्री मीठ टाका."
"काऊन? आमचं तर खारंच हाय!"
"तुमचं खारं वेगळं, समुद्राचं वेगळं."
मीठ घेतलं. घरी आल्यावर पिण्याचे दोन्ही जार टाकीत ओतले अन् मीठ ढवळून राह्यलो होतो, तं माय मांगं उभी.
"काऊन रे, गोडं पाणी खारं करून राह्यला?"
"माशाले खारं लागते, माय."
तिनं रिकामा जार हालवून पाह्यला.
"अन् मायले?"